दारापर्यंत नेणारं माणूस

बारावीचा निकाल लागला त्या दुपारी आत्यानं माझ्यापुढं तांदळाचं ताट ठेवलं. गणितात अडतीस, फिजिक्समध्ये एक्केचाळीस. घरात सुतक पडल्यासारखी शांतता. बाबा ओसरीवर येरझाऱ्या घालत होते आणि आई भांडी जरा जास्तच जोरात आपटत होती. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमधली रात्रपाळी संपवून, थोडी झोप काढून उठलेली. ‘‘बस. निवडू लाग,’’ एवढंच म्हणाली.

तांदूळ निवडताना मान खाली असते. नजर ताटात, दोघींची बोटं एकाच ढिगात. एखादा काळा खडा, एखादं भाताचं फोल बाजूला सारायचं आणि निवडलेला ढीग आपल्याकडं ओढून घ्यायचा. समोरच्याच्या डोळ्यांत बघायची वेळच येत नाही. अर्धं ताट झाल्यावर आत्यानं विचारलं, ‘‘तुला काय व्हायचंय ते नको सांगूस. काय नकोय ते सांग.’’ मी सांगायला लागले. ती मधूनमधून ‘‘बरं. मग? पुढं?’’ म्हणत राहिली. ताट संपलं तेव्हा तिनं एकही सल्ला दिलेला नव्हता आणि माझं रडणं मात्र थांबलेलं होतं.

अशी माणसं बहुतेक घरांत असतात. कुणाचा मामा, कुणाची मावशी, कुणाचा थोरला चुलतभाऊ. हल्ली या कामाला ‘लाइफ कोचिंग’ म्हणतात, त्याची कार्डं छापतात आणि तासावर फी घेतात. हा व्यवसाय फार जुना नाही. अमेरिकेत आर्थिक नियोजनाचा सल्ला देणाऱ्या थॉमस लेनर्ड यांनी १९९२ साली ‘कोच यू’ नावाची प्रशिक्षणसंस्था काढली आणि १९९५ मध्ये या लोकांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. शब्द त्याहून कितीतरी जुना. हंगेरीत कोच नावाचं गाव आहे. पंधराव्या शतकाच्या सुमारास तिथं चांगल्या घोडागाड्या बनत, म्हणून गाडीलाच गावाचं नाव पडलं आणि ते युरोपभर पसरलं. आपल्या रेल्वेचा कोच तो हाच. पुढं १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी खासगी शिकवणी घेणाऱ्याला चेष्टेनं ‘कोच’ म्हणायला सुरुवात केली. कारण तो तुम्हाला गाडीत घालून परीक्षेच्या पलीकडं नेऊन सोडतो! ती चेष्टा होती, पण या कामाची त्याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही. गाडी तुम्हाला कुठंतरी नेते आणि तिथं उतरवते. ती तुमच्याबरोबर घरात येऊन बसत नाही.

‘मेंटॉर’ची गोष्ट तर आणखी मजेशीर. होमरच्या ‘ओडिसी’त ओडिसियस युद्धाला जाताना घरदार आणि तान्हा मुलगा आपल्या मेंटॉर नावाच्या म्हाताऱ्या मित्रावर सोपवून जातो. हा मेंटॉर तसा फारसं काही करत नाही. मुलाला खरा धीर देते ती अथीना देवी, मेंटॉरचं रूप घेऊन. पुढं फेनलों या फ्रेंच धर्मगुरूनं १६९९ साली निघालेल्या आपल्या कादंबरीत या मेंटॉरला प्रमुख भूमिका दिली आणि त्या नावाचा सामान्यनाम म्हणून प्रवास सुरू झाला. फेनलों स्वतः चौदाव्या लुईच्या नातवाचा शिक्षक होता, हेही इथं लक्षात ठेवण्याजोगं.

आता आपल्याकडं या. घरातला गुरू म्हटलं की जिजाऊ आणि श्यामची आई यांचीच नावं निघतील अशी वाचकांची अपेक्षा असणार. पण मला बोलायचंय ते आईबापांविषयी नाही. त्यांच्या शेजारी, एक पाऊल बाजूला उभ्या असणाऱ्यांविषयी बोलायचंय.

महाभारतात ही माणसं ठासून भरली आहेत. कुंती वसुदेवाची बहीण, म्हणजे कृष्ण हा अर्जुनाचा मामेभाऊ. सुभद्रेच्या लग्नानंतर मेहुणाही. तेव्हा गीता म्हणजे, नात्याच्या हिशेबानं पाहिलं तर, ऐनवेळी हातपाय गाळून बसलेल्या आतेभावाची मामेभावानं घातलेली समजूत. पलीकडच्या बाजूला दुर्योधनाचाही एक मामा आहेच. शकुनीला लाइफ कोचाचं सगळं जमतं: शिष्याची दुखरी नस ओळखणं, त्याला मोठी स्वप्नं दाखवणं, कायम त्याच्या बाजूनं बोलणं. फक्त स्वतःचा हिशेब तो झाकून ठेवतो. ‘मामा बनवणे’ हा वाक्प्रचार कुठून आला ते मला ठाऊक नाही, पण तो ऐकला की मला शकुनीच आठवतो.

मला मात्र या सगळ्यांत विदुरकाका आवडतो. पांडवांना वारणावतात लाखेच्या घरात जाळायचा बेत शिजतोय हे त्याला कळलं. दरबारात उघड बोलायची सोय नाही. निघताना त्यानं युधिष्ठिराला दुसऱ्या कुणाला उमजणार नाही अशा भाषेत इशारा दिला. इथवर तो सल्ला झाला. पण विदुर तिथं थांबला नाही. मागाहून त्यानं भुयार खणणारा एक जाणकार माणूस पाठवून दिला. पांडव जगले ते त्या भुयारामुळं. कुणाला ‘सावध राहा’ म्हणायला काहीच पडत नाही. खणणारा शोधून पाठवायला मात्र माणसं माहीत असावी लागतात.

मामाचं आणि काकाचं हे वेगळं स्थान माणसाच्या समाजरचनेतच आहे, असं मानववंशशास्त्र सांगतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहिला. तिथं मूल आईच्या कुळातलं मानलं जातं. म्हणून मुलाला शिस्त लावणं, वारसा देणं, कुळाची विद्या शिकवणं हे मामाचं काम. बाप हा लाड करणारा दोस्त. जिथं कूळ बापाचं असतं तिथं चित्र उलटं होतं. रॅडक्लिफ-ब्राऊन यानं १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मामांवर एक गाजलेला निबंध लिहिला. तिथल्या त्सोंगा लोकांत मामाला असलेल्या शब्दाचा अर्थच मुळी ‘पुरुष-आई’ असा. बापाकडच्या नात्यांत धाक, आईकडच्या नात्यांत सूट. भाच्यानं मामाच्या घरचं न विचारता खाल्लं तरी चालतं. मराठीतला ‘मामा’ म्हणजे दोनदा ‘मा’, हा माझा आपला शब्दखेळ. व्युत्पत्ती म्हणून कुणी घेऊ नये. पण जावळ काढताना बाळ मामाच्या मांडीवर असतं, लग्नात नवरीला बोहल्यापाशी मामा आणतो आणि मंगलाष्टकं चालू असताना तोच तिच्या पाठीशी उभा राहतो, यात काहीतरी आहेच. बारशात बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते ती आत्या. आपलं नाव आपल्याला पहिल्यांदा जिच्या तोंडून कळतं ती आई नसते, हे मला फार दिवस लक्षातच आलं नव्हतं.

हे अंतर का लागतं? कारण आईबापांचा जीव अडकलेला असतो. बाबांना माझ्या अडतीस मार्कांत मी दिसत नव्हते. त्यांना स्वतःची फसलेली वर्षं, भावकीत होणारं बोलणं आणि डिप्लोमाची हुकलेली जागा दिसत होती. त्यात त्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही. इगोर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. जोडीदारानं विश्वासघात केला आहे अशी कल्पना करायला लोकांना सांगितलं. काहींना ती स्वतःवरची आपत्ती म्हणून दिली, काहींना मित्रावरची म्हणून. मित्राच्या बाबतीत लोक अधिक शहाणपणानं विचार करत होते. दुसरी बाजू पाहत होते, आपल्याला सगळं माहीत नाही हे कबूल करत होते. त्यांनी याला नाव दिलं सॉलोमनचा विरोधाभास, कारण सॉलोमन राजा जगाचे तंटे चोख सोडवायचा पण स्वतःच्या घरात घोळ घालून बसला. आपल्याकडं ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ कधीपासूनच आहे. फक्त आपण ते टोमणा म्हणून वापरतो, निरीक्षण म्हणून नाही. प्रयोगातला पुढचा भाग जास्त उपयोगाचा. स्वतःच्याच अडचणीकडं दुसऱ्याची असल्यासारखं पाहायला सांगितलं, की लोकांचा विचार सुधारायचा. आत्याच्या ‘‘मग? पुढं?’’नं नेमकं हेच व्हायचं. आपलंच गाऱ्हाणं आपण तिसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं सांगायला लागायचो.

एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती. एसटीडी गावोगाव पोचण्याआधीचे दिवस. ट्रंक कॉल बुक करायचा, ऑर्डिनरी, अर्जंट की लायटनिंग ते सांगायचं आणि फोनपाशी वाट बघत बसायचं. दर तीन मिनिटांनी ऑपरेटर मध्ये येऊन वेळ झाल्याचं सांगायची. कानाला हेडफोन लावून तिनं किती घरांतली सुखदुःखं ऐकली असतील! ‘‘माणसाचं खरं बोलणं तीन मिनिटांत बसतं,’’ असं ती म्हणायची. ‘‘बाकी सगळं ‘हॅलो, ऐकू येतंय का.’’’

ऐकण्याचं हे कसब कोचिंगच्या धंद्याच्या मुळाशीही आहे. टिमथी गॅलवे हा टेनिसचा शिक्षक. १९७४ मध्ये त्याचं ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ हे पुस्तक आलं. कोपर असं धर, मनगट तसं वळव असं सांगत सुटलं की शिकणारा आखडतो, हे त्याच्या ध्यानात आलं. म्हणून तो एवढंच सांगायचा, की चेंडू टप्पा खाईल तेव्हा तोंडानं ‘टप्पा’ म्हण आणि रॅकेटला लागेल तेव्हा ‘फटका’ म्हण. बस. शिकणाऱ्याचं लक्ष चेंडूवर जायचं आणि हात आपला आपण सुधारायचा. आजच्या कोचिंगच्या बऱ्याच पद्धतींचं मूळ या पुस्तकात आहे. त्यातली सूचना कमी बोलण्याची आहे, आणि नातेवाइकांना ती पाळणं सर्वात अवघड जातं हे लग्नसमारंभात पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. याच्याही मागं एक गंमत आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सुमारे दोन हजार शाळकरी मुलांपैकी काहींना काही मिनिटं आपल्याहून लहानांना अभ्यासाबद्दल सल्ला द्यायला सांगितलं. त्या तिमाहीत सल्ला देणाऱ्यांचेच मार्क थोडे वाढले! तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या काकांनी तुम्हाला अर्धा तास उपदेश केला तर रागावू नका. त्यांचं भलं होतंय.

मराठी माणसाला या विषयावर एक उदाहरण द्यायचं म्हटलं तर ते अजित तेंडुलकरांचं. गोष्ट सगळ्यांना ऐकून माहीत आहे, पण तिच्यातली एक जागा नीट पाहण्यासारखी आहे. वांद्र्याच्या साहित्य सहवासात वडील रमेश तेंडुलकर कवी आणि प्राध्यापक, आई एलआयसीत. घरात धाकटा, उचापती सचिन. त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा, स्वतः क्रिकेट खेळणारा सावत्र भाऊ अजित आवारातलं टेनिस बॉलचं क्रिकेट बघायचा. या पोराची बॅट वेगळी फिरते हे त्याला दिसलं. १९८४ मध्ये त्यानं अकरा वर्षांच्या सचिनला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या शिबिरात नेलं.

आणि तिथं सचिन धड खेळलाच नाही. सर बघताहेत या दडपणानं त्याची बॅट चालेना. बहुतेक भाऊ इथं दोनपैकी एक गोष्ट करतात: पोराला ओरडतात नाहीतर हात धरून घरी नेतात. अजितनं सरांना विनंती केली, की त्याला आणखी एक संधी द्या, पण तुम्ही गेल्यासारखं दाखवा आणि लांबून बघा. सर झाडाआड जाऊन उभे राहिले. नजर हटली आणि मुलगा मोकळा खेळला. पुढं शारदाश्रम, पार्काजवळ काका-काकूंच्या घरी राहणं, स्टंपवरचं एक रुपयाचं नाणं, हे सारं त्या दुपारवर उभं आहे.

अजितला आचरेकर सरांपेक्षा जास्त क्रिकेट कळत नव्हतं. सरांना माहीत नसलेली एकच गोष्ट त्याला माहीत होती, आणि ती क्रिकेटची नव्हती: हा पोरगा कुणी बघत असलं की आखडतो. घरातल्या माणसाकडं असणारी माहिती ही अशी असते. बाहेरच्या जाणकाराला ती मिळवायला वर्ष लागलं असतं, आणि तोवर पोरगा शिबिरातून गेलेलाच असता.

१६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिननं अजितबद्दल जे सांगितलं, त्यात सल्ल्यापेक्षा सोबतीचाच भाग मोठा होता. हे स्वप्न आम्ही दोघं मिळून जगलो, माझ्यासाठी त्यानं स्वतःचं करिअर बाजूला ठेवलं, आणि आदल्या रात्रीसुद्धा, पुन्हा फलंदाजी मिळायची शक्यता जवळजवळ नसताना, मी बाद कसा झालो यावर आमचं फोनवर बोलणं झालं, अशा अर्थाचं तो बोलला. चोवीस वर्षांची कारकीर्द संपत आलेली, चौऱ्याहत्तर धावा करून झालेल्या, आणि दोन भाऊ चुकलेल्या फटक्यावर बोलताहेत. तोवर त्याला किती प्रशिक्षक होऊन गेले असतील! या फोनला मात्र कुणी पर्याय नव्हता.

शिकवण्याच्या शास्त्रात याला एक चांगला शब्द आहे. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला मदत करताना मोठी माणसं नेमकं काय करतात ते पाहिलं. चांगली मदत करणारी व्यक्ती मुलाच्या आवाक्याबाहेरचा भाग तेवढा सावरून धरते, बाकीचं त्याला करू देते आणि त्याला जमू लागेल तसा हात काढून घेते. त्यांनी याला परांचीची उपमा दिली. इमारत बांधताना बाहेरून बांबू बांधतात, तीच परांची. रशियाच्या लेव्ह वायगॉट्स्कीचा विचारही याच वळणाचा: मुलाला आज एकट्याला जमत नाही पण कुणाच्या सोबतीनं जमतं, तिथंच शिकणं घडतं. परांचीचं वैशिष्ट्य असं, की ती शेवटी उतरवायची असते. बांधकाम झाल्यावरही बांबू तसेच राहिले तर खिडकी उघडत नाही.

आपल्या इतिहासात असे न उतरवलेले बांबू आहेत. आनंदीबाई जोशींना गोपाळरावांनी शिकवलं हे खरं, आणि १८८६ मध्ये त्या अमेरिकेतून डॉक्टर झाल्या हेही खरं. पण अभ्यास केला नाही म्हणून लहानग्या बायकोला मारणारा नवरा हा त्याच गोष्टीचा भाग आहे. शिष्येच्या प्रत्येक श्वासावर हक्क सांगणाऱ्या गुरूपासून ती सुटली कधी? पदवी मिळाल्यावर वर्षभरात, १८८७ च्या फेब्रुवारीत, त्या गेल्या. रमाबाई रानड्यांचं शिक्षण त्यामानानं सौम्य हातून झालं. न्यायमूर्तींनी अकरा वर्षांच्या बायकोला घरीच अक्षरओळख करून दिली. पण घरातल्या बायकांचे टोमणे दिवसभर खायचे ते शिष्येनं. कोर्टात बसलेल्या गुरूला ते ऐकू येत नसत. १९१० साली निघालेल्या त्यांच्या आठवणी वाचताना मला पुण्याच्या सेवासदनाइतकंच ते स्वयंपाकघर दिसत राहतं. ज्याच्या हाती सत्ता, त्यानंच वाट दाखवायची म्हटली की दाखवणं कुठं संपलं आणि ढकलणं कुठं सुरू झालं ते कळत नाही. मामाला आणि आत्याला हा धोका कमी. ती फार तर रुसतील.

भावंडांतला गुरू बघायचा तर आळंदीला जावं लागतं. निवृत्तिनाथ हे ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू आणि गुरूही. वयात अंतर परंपरेनुसार दोनच वर्षांचं. निवृत्तिनाथांना उपदेश मिळाला तो गहिनीनाथांकडून, त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर, अशी कथा आहे. म्हणजे थोरल्यानं बाहेर जाऊन मिळवलं आणि घरी आणून धाकट्याला दिलं. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये नेवाशाला पूर्ण झाली. मामेभावानं आतेभावाला सांगितलेली गीता, थोरल्या भावाकडून शिकलेल्या धाकट्यानं मराठीत उलगडली. इतकं घरगुती तत्त्वज्ञान जगात दुसरीकडं असेल असं वाटत नाही. परंपरा याच्या पुढचं जे सांगते ते मला महत्त्वाचं वाटतं. एवढा ग्रंथ झाल्यावर निवृत्तिनाथ म्हणाले, की ही दुसऱ्याच्या ग्रंथावरची टीका झाली. आता तुझं स्वतःचं असं काही लिही. त्यातून ‘अमृतानुभव’ आला. परांची उतरवण्याची याहून चोख वेळ कुणी साधली असेल?

आणि सर्वात धाकटी मुक्ताई. जगाचा अपमान सहन न होऊन ज्ञानदेव ताटी लावून झोपडीत बसले, तेव्हा दार उघडायला लावलं ते तिनं. ताटीचे अभंग म्हणून ती विनवणी प्रसिद्ध आहे. पुढं योगबळानं चौदाशे वर्षं जगल्याचं सांगतात त्या चांगदेवांचीही ती गुरू झाली. वाट दाखवणारा वयानं मोठाच हवा, ही समजूत तेराव्या शतकातच निकालात निघाली होती.

असं एक माणूस असण्यानं किती फरक पडतो? हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या सगळ्या, म्हणजे ६९८ मुलांची एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी कित्येक दशकं नोंद ठेवली. गरिबी, आजारपण, दारुडा बाप, वेडसर आई अशा अनेक संकटांत वाढलेली सुमारे तिसरा हिस्सा मुलं त्यांनी धोक्याची म्हणून वेगळी काढली. त्यांच्यातलीही जवळजवळ एक तृतीयांश मुलं धडधाकट, कामाची आणि प्रेमळ माणसं झाली. कशामुळं? कारणं अनेक निघाली, पण एक वारंवार आलं: घरात कितीही धुमाकूळ असला तरी निदान एक भरवशाचं मोठं माणूस त्यांच्या वाट्याला आलेलं होतं. आजी, मावशी, थोरलं भावंड, कधी शेजारी, कधी शिक्षक. ‘माय मरो पण मावशी उरो’ ही म्हण ऐकायला क्रूर वाटते, पण तिनं हेच पाहिलेलं असणार.

आत्या देवता नव्हती, हेही सांगायला हवं. धाकट्या काकांच्या मुलाला तिनं डी.एड. करायला लावलं. तिच्या नजरेत मास्तरकीसारखी सुरक्षित नोकरी नव्हती. गावोगाव डी.एड.ची कॉलेजं निघाली, पोरांचे लोंढे बाहेर पडले आणि भरती आटली. तो चार वर्षं नुसता बसून होता. आता त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान बरं चालतं, पण दिवाळीत भेटला की तिच्या पाया पडताना तो जरा कमी वाकतो. घरातल्या माणसाजवळचा नकाशा वीस-तीस वर्षं जुना असतो. माणूस त्याला बरोबर ओळखता येतो, रस्ता मात्र बदललेला असू शकतो. म्हणूनच त्यानं रस्ता सांगण्यापेक्षा, त्या रस्त्यानं आज रोज जाणाऱ्याशी गाठ घालून द्यावी.

हेही मोजलेलं आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॉस्टनजवळच्या, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं, की ज्यानं नोकरीचं सांगितलं तो तुम्हाला त्या सुमारास किती वेळा भेटत असे? वरचेवर, असं सांगणारे १६.७ टक्केच निघाले. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून ५५.६ टक्के, आणि क्वचित भेटणाऱ्यांकडून २७.८ टक्के. जवळच्या माणसांना आपल्याला माहीत असतं तेच माहीत असतं. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. घरातला वाटाड्या उपयोगी पडतो तो या सांध्यावर. तो जवळचा आहे म्हणून आपल्याला ओळखतो, आणि एक पाऊल बाजूला आहे म्हणून त्याच्या ओळखी आपल्या ओळखींहून वेगळ्या.

त्या तांदळाच्या ताटानंतर चौथ्या दिवशी आत्या मला घेऊन गावातल्या एका छापखान्यात गेली. एक्स्चेंजमुळं तिला गावातलं कोण काय करतं ते पक्कं ठाऊक. आत शाईचा आणि रॉकेलचा वास, भिंतीशी खिळ्यांच्या केसेस, त्यातून न बघता खिळे उचलणारे कंपोझिटर. खिडकीशी एक पोक्त बाई प्रुफं तपासत बसल्या होत्या. आत्यानं त्यांना एवढंच सांगितलं: ‘‘हिला बसून राहायला आवडतं आणि चुका दिसतात. बघा.’’ बाईंनी एक ओलं गॅली प्रूफ माझ्याकडं सरकवलं. एका सहकारी पतपेढीचा वार्षिक अहवाल होता. मला अकरा चुका सापडल्या, त्यांना आणखी सहा. दोन तासांनी बाहेर आले तर आत्या बाकड्यावर बसल्या बसल्या झोपली होती; मांडीवर पर्स, पायात कामावरच्याच चपला. रात्रपाळीवरून ती घरी गेलीच नव्हती. त्यानंतर छापखान्यात माझं कसं चाललंय हे तिनं मला एकदाही विचारलं नाही. बाईंना विचारत असणार.

आता ती ब्याऐंशी वर्षांची आहे. तांदूळ पिशवीतून निवडलेलाच येतो. गेल्या दिवाळीत माझी भाची आली होती. नोकरी सोडून मातीच्या भांड्यांचं काहीतरी करायचं तिच्या मनात आहे. आत्यानं ते सगळं ऐकून घेतलं, मधूनमधून ‘‘मग? पुढं?’’ केलं आणि कपाटातून आपली निळ्या पुठ्ठ्याची नंबरांची वही काढायला लावली. तीन आकडी, चार आकडी नंबर, पुढं गावाचं आणि माणसाचं नाव, बारीक अक्षरात तो काय करतो ते. ती एकेका नावावर बोट ठेवत गेली. ‘‘हे कुंभारवाड्यातले... गेले. ह्यांची भट्टी होती, मुलगा पुण्याला गेला. ही... हीपण गेली.’’ शेवटच्या पानापर्यंत पोचली, वही मिटली आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

‘‘तुझ्या वहीत कोण आहे गं?’’